उंदराची शेपटी आणि मॉर्फिनची सवय

प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या उंदराला अरुंद नळीत बसवतात. शेपटी तेवढी बाहेर राहते. तिच्यावर दिव्याचा तीव्र झोत सोडला की त्याच क्षणी घड्याळ सुरू होतं. दोन-तीन-चार सेकंदांत चटका बसतो, शेपटी झटक्यात बाजूला होते आणि घड्याळ थांबतं. उंदराला आधी मॉर्फिन टोचलेलं असेल तर शेपटी सहा, आठ, नऊ सेकंद जागची हलत नाही. ठरलेल्या वेळी, समजा दहाव्या सेकंदाला, प्रयोग करणाराच दिवा बंद करतो, नाहीतर कातडी भाजते. आपल्याकडच्या फार्मसी कॉलेजांत दिव्याऐवजी तापलेली निक्रोमची तार असायची आणि त्या पेटीला अ‍ॅनॅल्जेसिओमीटर म्हणत. बी. फार्म. झालेल्या जुन्या मंडळींना ती पेटी आणि जर्नलमध्ये भरायचे ते सेकंदांचे तक्ते चांगले आठवत असतील.

वेदनाशामक औषधांची सवय कशी लागते, म्हणजे कालच्या डोसाने आज काम का भागत नाही, आणि दोन वेदनाशामकं एकत्र दिली तर ही सवय लांबवता येते का, या दोन प्रश्नांवर गेल्या ऐंशी वर्षांत प्राण्यांवर जे संशोधन झालं, त्याचा फार मोठा हिस्सा या सेकंदांवर उभा आहे. गंमत अशी, की शेपटी या कामाला मुळात कोणी विचार करून निवडलीच नव्हती.

१९११ साली वाल्टर श्ट्राउब या जर्मन औषधशास्त्रज्ञाने नोंदवलं की छोट्या उंदराला मॉर्फिन टोचलं तर त्याची शेपटी ताठ होते आणि पाठीवर इंग्रजी एस अक्षरासारखी वळते. त्याच्या दृष्टीने वेदनेशी याचा काही संबंध नव्हता. मॉर्फिन ओळखण्याची ती एक स्वस्त आणि संवेदनशील खूण होती, रासायनिक कसोटीच्या तोडीची. पुढे अमेरिकेत शर्यतीच्या घोड्यांना मॉर्फिनसारखं औषध दिलंय का हे पाहण्यासाठी घोड्याची लाळ उंदराला टोचून त्याच्या शेपटीकडे बघत. त्यानंतर १९२९ साली हाफनरच्या लक्षात आलं की अशी ताठ झालेली शेपटी चिमटा लावला तरी दुखल्यासारखी वागत नाही. त्याने शेपटीच्या बुडाशी चिमटा लावून वेदनाशामकं तपासायला सुरुवात केली. विषाची खूण म्हणून आलेली शेपटी अशी वेदनेची साक्षीदार झाली.

श्ट्राउबच्या खुणेने आणखी एक काम केलं. १९३०च्या दशकाच्या शेवटी जर्मनीतल्या आयजी फार्बेन कंपनीत आइस्लेब हा रसायनशास्त्रज्ञ पोटातल्या मुरड्यावर औषध शोधत होता. त्याने बनवलेलं एक संयुग शाउमानने उंदराला दिलं, आणि उंदराची शेपटी एसच्या आकारात उभी राहिली. मॉर्फिनशी रचनेचं फारसं साम्य नसलेल्या रेणूने मॉर्फिनची खूण दाखवावी, हा धक्का होता. ते संयुग म्हणजे पेथिडीन. आपल्याकडे ऑपरेशननंतर आणि बाळंतपणात पेथिडीनचं इंजेक्शन घेतलेल्या बायकांची एक अख्खी पिढी आहे. शेपटी वर गेली नसती तर ते मुरड्याचं औषध म्हणूनच कुठेतरी पडून राहिलं असतं.

दिव्याची कल्पना मात्र माणसांकडून आली. न्यूयॉर्कमध्ये कॉर्नेलच्या वैद्यकीय महाविद्यालयात हार्डी, वुल्फ आणि हेलन गुडेल या तिघांनी १९४० साली वेदना मोजायचं यंत्र प्रसिद्ध केलं. कपाळाला काळी शाई फासायची, म्हणजे उष्णता नीट शोषली जाते, आणि त्यावर तीन सेकंद दिव्याचा झोत सोडायचा. किती तीव्रतेला टोचल्यासारखं दुखलं ते सांगायचं. कपाळं त्यांची स्वतःचीच होती. अ‍ॅस्पिरिन, अ‍ॅसिटॅनिलाइड, अल्कोहोल, कॅफीन अशी औषधं आणि त्यांची काही मिश्रणंही त्यांनी स्वतःवर तपासली. लगेच पुढच्या वर्षी, १९४१ साली, डेन्व्हर विद्यापीठातल्या डामूर आणि स्मिथ यांनी तोच झोत उंदराच्या शेपटीवर वळवला. बोलणारं कपाळ गेलं, न बोलणारी शेपटी आली. ‘दुखतंय’ असं सांगण्याची जागा झटक्याने घेतली. हा बदल तेव्हा किरकोळ वाटला असावा. पुढच्या सगळ्या गोंधळाचं मूळ तिथेच आहे, असं माझं मत आहे.

सवयीचा प्रश्न अर्थातच फार जुना. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनकडे जात होती त्या काळात सवय काय चीज आहे हे सांगायला कुणा प्राध्यापकाची गरज नव्हती. १८९३ ते १८९५ या काळात ब्रिटिशांच्या अफू आयोगाने सातशेहून अधिक साक्षी घेतल्या. अफू खाणारा वर्षानुवर्षं ठरावीक मात्रेवर राहतो की त्याची मात्रा चढतच जाते, हा त्या चौकशीतला वादाचा एक मुद्दा होता. गिरणगावात कामावर जाणाऱ्या आया तान्ह्या पोरांना झोपवायला अफूची ‘बाळागोळी’ देत, तिचा उल्लेख १९२०च्या दशकातल्या अहवालांत येतो. शास्त्रज्ञांनी या प्रश्नाला हात घातला तो कुत्र्यांपासून. स्ट्रासबर्गला फाउस्टने १९०० साली सांगितलं की सवय लागलेला कुत्रा मॉर्फिन शरीरातच जास्त नष्ट करतो, म्हणून ते लागू पडत नाही. ही समजूत बराच काळ चालली आणि मग मोडली. सवय लागलेल्या जनावराच्या रक्तात मॉर्फिन असतं, मेंदूत पोचतंही. मेंदू आणि मज्जारज्जू त्याला पूर्वीसारखी दाद देत नाहीत, एवढंच.

हे आकड्यात बसवायला शेपटीसारखं साधन नव्हतं. पहिल्या दिवशी मॉर्फिन दिल्यावर शेपटी दहा सेकंदांच्या कमाल मर्यादेपर्यंत टिकते. रोज दोन वेळा तेच इंजेक्शन दिलं की आठवडाभरात ती पुन्हा तीन-चार सेकंदांवर येते. मूळचे सेकंद आणि कमाल सेकंद यांच्यामधलं अंतर शंभर धरायचं आणि औषधाचा परिणाम टक्क्यात मांडायचा. सोपं, स्वस्त आणि आलेखावर सुबक. १९६९ साली सॅन फ्रान्सिस्कोत लिओंग वे यांनी उंदराच्या कातडीखाली मॉर्फिनची ७५ मिलिग्रॅमची गोळीच बसवली, म्हणजे इंजेक्शनं देत बसायची कटकटही गेली आणि काही दिवसांत पक्की सवय लागलेला उंदीर तयार मिळू लागला. जगभरच्या प्रयोगशाळांनी हा खाक्या उचलला.

एक अडचण सुरुवातीपासून माहीत होती. १९५१ साली अर्विन, हूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की मज्जारज्जू वर छेदून मेंदूशी संबंध तोडला तरी शेपटी झटकतेच. तो झटका मज्जारज्जूतला प्रतिक्षेप आहे. मेंदूला काही कळायच्या आत शेपटी हललेली असते. म्हणजे दिव्याखाली आपण मोजतो ती वेदना नव्हे, वेदनेपूर्वीची हालचाल. हे ठाऊक असूनही चाचणी टिकली, कारण मॉर्फिनच्या जातीची औषधं ती चोख पकडत होती. चोख म्हणजे बहुतेक वेळा.

१९५४ साली बोस्टनमध्ये लुइस लासान्या आणि हेन्री बीचर मिश्रणाचाच एक प्रयोग करत होते. नॅलॉर्फिन हे मॉर्फिनचा परिणाम उलटवणारं औषध. मॉर्फिनमध्ये थोडं नॅलॉर्फिन मिसळलं तर श्वास मंदावणं आणि व्यसन टळेल, वेदनाशमन मात्र राहील, अशी आशा होती. उंदराच्या शेपटीवर नॅलॉर्फिनने काहीच वेदनाशमन दाखवलं नव्हतं. पण ऑपरेशन झालेल्या रुग्णांना, तुलनेसाठी म्हणून, नुसतं नॅलॉर्फिन दिलं तर त्यांचं दुखणं मॉर्फिनइतकंच थांबलं. शेपटी साफ चुकली होती. रुग्णांना भलतेसलते भास होत, त्यामुळे नॅलॉर्फिन स्वतः औषध झालं नाही, पण त्या धाग्यावरून पुढे पेन्टाझोसीन आलं. आपल्याकडच्या सरकारी दवाखान्यात ते फोर्टविन या नावाने मिळालेला प्रत्येक रुग्ण या चुकलेल्या शेपटीचा लाभार्थी आहे. बीचरचं भांडण खरं तर आणखी खोल होतं. दुसऱ्या महायुद्धात इटलीतल्या आघाडीवर त्याने मोठ्या जखमा झालेले पण मॉर्फिन नको म्हणणारे सैनिक पाहिले होते. प्रयोगशाळेत दिव्याने आणलेला चटका आणि आजारी माणसाचं दुखणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं तो शेवटपर्यंत बजावत राहिला.

आता मिश्रणांचं गणित. दोन औषधं एकत्र दिली आणि परिणाम वाढला, एवढ्यावर ‘एक अधिक एक तीन’ असं म्हणता येत नाही. समजा मॉर्फिनच्या ठरावीक मात्रेने शेपटी सात सेकंद थांबते, आणि दुसऱ्या औषधाच्या ठरावीक मात्रेनेही सात सेकंद. आलेखाच्या दोन अक्षांवर या दोन मात्रा मांडून त्यांना रेषेने जोडा. मिश्रणाने सात सेकंद मिळवायला लागणारी मात्रा याच रेषेवर पडली तर ती साधी बेरीज. रेषेच्या खाली पडली तर दोघांनी एकमेकांना बळ दिलं. वर पडली तर एकमेकांचे पाय ओढले. ही रेषा काढली झीगफ्रीट ल्यूव्हेने, १९२६ साली, एस्टोनियातल्या टार्टू विद्यापीठात, मुइश्नेकसोबत. त्याच्या आधी बर्नच्या ब्युर्गीने एक सरधोपट नियम सांगितला होता: एकाच जागी काम करणाऱ्या औषधांची बेरीज होते, वेगवेगळ्या जागी काम करणाऱ्यांचा गुणाकार. ल्यूव्हेला असले नियम मान्य नव्हते, त्याला मोजमाप हवं होतं. तो ज्यू होता. १९३३ साली जर्मनीतली जागा गेली आणि तो अमेरिकेला पोचला, शेवटी युटामध्ये. तिथेही तो मिश्रणांवरच लिहीत राहिला. त्याच्या रेषेला संख्याशास्त्राचा भक्कम पाया दिला तो फिलाडेल्फियाच्या रॉनल्ड टॅलारिडाने, १९८०च्या दशकाच्या शेवटापासून.

माझ्या मते या सगळ्या मिश्रण-कथेतला सर्वांत देखणा प्रयोग १९८०चा. येउंग आणि रूडी यांनी दोन औषधं मिसळलीच नाहीत. त्यांनी एकच मॉर्फिन थोडं मेंदूत आणि थोडं मज्जारज्जूभोवती, एकाच वेळी दिलं. दोन्हीकडे मिळून जी मात्रा लागली ती साध्या बेरजेपेक्षा कितीतरी कमी निघाली. मॉर्फिन स्वतःच्याच जोडीने स्वतःला बळ देत होतं. म्हणजे आपण नेहमी टोचतो ते साधं मॉर्फिनही शरीरात गेल्यावर एक मिश्रणच असतं. याआधी मज्जारज्जूभोवती औषध पोचवायला बारीक नळी कायमची बसवण्याची युक्ती याच रूडीने टोनी यॅक्शसोबत १९७६ साली उंदरात साधली होती. माणसाला मणक्यातून मॉर्फिन देण्यामागे त्या कामाचा हात आहे.

मग सवयीकडे परत. १९७५ साली कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात शेपर्ड सीगेलने एक अवघड प्रश्न विचारला: सवय रेणूंना लागते की जागेला? त्याच्या उंदरांना ज्या खोलीत मॉर्फिन मिळायचं त्या खोलीत सवय दिसायची, दुसऱ्या खोलीत नेलं की बरीचशी गायब. सवय ही अंशतः शिकलेली गोष्ट आहे, असं त्याने म्हटलं. १९८२ साली त्याच सूत्राने केलेला हेरॉइनचा प्रयोग भीषण आहे. मोठी मात्रा नेहमीच्याच खोलीत दिली तेव्हा सरावलेल्या उंदरांपैकी सुमारे ३२ टक्के मेले. तितकेच सरावलेले पण अनोळखी खोलीत नेलेले ६४ टक्के. पहिल्यांदाच घेणारे ९६ टक्के. शरीर तेच, औषध तेच, फक्त भिंती बदललेल्या.

आणि याच सुमारास, १९८१ साली, मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात फ्रान्सेस अ‍ॅबट, फ्रँकलिन आणि रॉनल्ड मेल्झॅक यांनी एक निबंध लिहिला. तो जितका वाचला जायला हवा होता तितका वाचला गेला नाही असं मला वाटतं. त्यांनी दिव्याऐवजी फॉर्मॅलिन वापरलं. पंजात थोडं फॉर्मॅलिन टोचलं की उंदीर तासभर पंजा उचलून धरतो, चाटतो, त्यावर भार टाकत नाही. हा झटका नव्हे, सलत राहणारं दुखणं आहे. मॉर्फिनने तेही थांबतं. मात्र रोज मॉर्फिन देऊन ज्या उंदरांची शेपटी पूर्ण सरावली होती, त्यांच्या पंजाच्या दुखण्यावर मॉर्फिन बऱ्यापैकी पूर्वीसारखंच चाललं. पुढच्या वर्षी त्यांनी मात्रा कमीजास्त करून पुन्हा तपासलं. एकाच प्राण्यात, एकाच औषधाची, एका चाचणीत सवय लागलेली आणि दुसऱ्या चाचणीत जवळजवळ नाही.

मेल्झॅकला हा निकाल कदाचित फार अनपेक्षित नसावा. दोनच वर्षांपूर्वी त्याने रॉयल व्हिक्टोरिया हॉस्पिटलच्या बॅलफोर माउंट यांच्याबरोबर कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांचा अभ्यास केला होता. ब्रिटनमध्ये अशा रुग्णांना तेव्हा ‘ब्रॉम्प्टन’ नावाचं काढ्यासारखं मिश्रण देत. त्यात मॉर्फिन किंवा हेरॉइन, कोकेन, अल्कोहोल, सरबत, क्लोरोफॉर्मचं पाणी असं सगळं असे आणि त्याची ख्याती मोठी होती. १९७९ साली मेल्झॅकच्या गटाने दाखवलं की साधं पाण्यातलं मॉर्फिन तितकंच काम करतं. काढ्यातली बाकीची भरताड बिनकामाची होती. लंडनच्या सेंट क्रिस्टोफर हॉस्पिसमध्ये सिसिली साँडर्स आणि रॉबर्ट ट्वायक्रॉस यांचा अनुभवही असाच होता. तोंडाने नियमित मॉर्फिन घेणारे पुष्कळ रुग्ण आठवडे-महिने साधारण एकाच मात्रेवर राहत, आणि मात्रा वाढवावी लागली तर बहुधा आजार वाढलेला असे. १९८६ साली मुंबईत वांद्र्याला शांती अवेदना सदन सुरू झालं ते याच परंपरेतून. पण १९८५च्या अमली पदार्थ कायद्याने मॉर्फिनच्या परवान्यांची अशी काही कोंडी केली होती, की आपल्याकडे सवयीची चर्चा होण्याआधी औषध मिळण्याचीच चर्चा करावी लागे. कायद्यात मोकळीक यायला २०१४ उजाडलं.

शेपटीच्या प्रयोगशाळेत मात्र गाडी वेगळ्याच रुळावर धावत होती. सवय मोडणाऱ्या जोडीदाराचा शोध जोरात होता. १९८४ साली लिंडा वॉटकिन्स आणि डेव्हिड मेयर यांच्या गटाने प्रोग्लुमाइड हे पोटाचं औषध जोडून सवय उलटल्यासारखी दाखवली. १९९१ साली तर एकाच वर्षी दोन मोठ्या बातम्या आल्या. मिनेसोटात ताकेमोरी आणि पोर्टोगीज यांच्या गटाने नॅल्ट्रिन्डोल नावाचं संयुग जोडून छोट्या उंदरांत सवय रोखली. मिशिगनमध्ये कीथ ट्रुहियो आणि हुदा अकिल यांनी मॉर्फिनबरोबर एमके-८०१ नावाचं संयुग दिलं, आणि नऊ दिवस मॉर्फिन घेऊनही शेपटी पहिल्या दिवसासारखीच थांबून राहिली. एमके-८०१ मेंदूतल्या ग्लुटामेट या रसायनाचा एनएमडीए नावाचा दरवाजा बंद करतं. या शोधाने क्षेत्र ढवळून निघालं. त्यात एक खोच होती, जी सीगेलचा वाचक लगेच ओळखेल: एनएमडीए दरवाजा शिकण्यासाठी लागतो, हे १९८६ पासून माहीत होतं. मग या औषधाने सवय रोखली, की खोली आणि सुई यांचं नातं शिकणंच रोखलं? यावर वाद झाले आणि ते पुरते मिटले नाहीत.

एमके-८०१ माणसाला देण्यासारखं नव्हतं. उंदीरसुद्धा त्याने झोकांड्या खात आणि मेंदूच्या पेशींना इजा दिसे. मात्र त्याच दरवाज्यावर हलकं काम करणारं एक औषध घरोघरी होतं: खोकल्याच्या सिरपमधलं डेक्स्ट्रोमेथॉर्फन. १९९४ साली इन्टुरिसी यांच्या गटाने ते उंदरात मॉर्फिनची सवय कमी करतं असं दाखवलं. अल्गोस नावाच्या अमेरिकी कंपनीने मॉर्फिन आणि डेक्स्ट्रोमेथॉर्फन समसमान घालून ‘मॉर्फिडेक्स’ बनवलं. १९९९ साली अमेरिकी औषध प्रशासनाने मंजुरी नाकारली. नंतर झालेल्या तीन मोठ्या चाचण्यांचे निकाल २००५ साली एकत्र छापले गेले. दीर्घ दुखण्याच्या रुग्णांत तीन महिन्यांच्या वापरात नुसतं मॉर्फिन आणि मॉर्फिडेक्स यांच्यात वेदनाशमनातही फरक नव्हता, सवयीतही नव्हता.

दुसरी शाखा न्यूयॉर्कची. स्टॅन्ली क्रेन आणि के-फेई शेन यांनी १९९५ साली सांगितलं की मॉर्फिनचा विरोधक नॅलॉक्सोन किंवा नॅल्ट्रेक्सोन अतिसूक्ष्म, नॅनोग्रॅमच्या घरातल्या मात्रेत मॉर्फिनबरोबर दिला तर उलट वेदनाशमन वाढतं आणि सवय मंदावते. छोट्या उंदराची शेपटी कोमट नव्हे, चांगल्या गरम पाण्यात बुडवून त्यांनी हे मोजलं. यावर ‘ऑक्सिट्रेक्स’ नावाचं मिश्रण निघालं, माणसांवर चाचण्या झाल्या, बाजारात ते आलं नाही. त्या कंपनीने पुढे नॅलॉक्सोन कुठे चिकटतं याचाच माग काढत अल्झायमरचं औषध शोधायला घेतलं, नावही बदललं. ती वाटही नोव्हेंबर २०२४ मध्ये मोठ्या चाचणीत अडली. शेपटीची वंशावळ कुठवर पोचते पाहा.

भारतीय शाखाही आहे. चंडीगडच्या पंजाब विद्यापीठात एस. के. कुलकर्णी आणि निनान यांनी १९९७ साली अश्वगंधा जोडून छोट्या उंदरांत मॉर्फिनची सवय आणि त्यावरचं अवलंबन दोन्ही कमी झाल्याचं मांडलं. व्हर्जिनियात सँड्रा वेल्श यांच्या गटाने गांजातलं टीएचसी जोडलं. २०१७ साली नील्सन आणि सहकाऱ्यांनी अशा प्राणी-अभ्यासांची एकत्र मोजणी केली, तेव्हा टीएचसीबरोबर मॉर्फिनची लागणारी मात्रा ३.६ पटींनी कमी भरली. माणसांवरच्या अभ्यासांत मात्र तसं एकमुखी काही दिसलं नाही. आणि काराकासमध्ये तोर्तोरिसी आणि व्हानेगास यांनी या शतकाच्या सुरुवातीला वेगळंच बोट ठेवलं: सवय फक्त अफूच्या जातीच्या औषधांचीच लागते असं नाही. मेटामिझोल, म्हणजे आपलं अनाल्जिन, नोव्हाल्जिन, उंदराच्या मेंदूतल्या एका ठरावीक भागात वारंवार सोडलं तर त्याचाही असर ओसरतो, आणि तसा उंदीर मॉर्फिनलाही कमी दाद देतो. दोघांची वाट आत कुठेतरी एकत्र येते. याच अनाल्जिनवर भारत सरकारने जून २०१३ मध्ये बंदी घातली होती आणि पुढच्या फेब्रुवारीत उठवली, पण त्याचं कारण रक्तपेशींवरचा दुष्परिणाम होतं, उंदीर नव्हे.

एवढी मिश्रणं शेपटीवर जिंकली आणि रुग्णाजवळ हरली, ती का? कारणं बरीच दिली जातात: मात्रा वेगळ्या, यकृत वेगळं, चाचण्यांची आखणी वेगळी. मला मॉन्ट्रियलच्या निबंधातून सुचणारं कारण सर्वांत पटतं. त्या उंदरांना दुखतच नव्हतं. निरोगी जनावराला नऊ दिवस मॉर्फिन द्यायचं, दिवसातून काही सेकंद चटका द्यायचा आणि ज्याची गरजच नव्हती त्या औषधाची सवय कशी लागते ते पाहायचं. मग ती सवय रोखणारी गोळी कॅन्सरच्या किंवा मणक्याच्या रुग्णाला द्यायची, ज्याचं शरीर अहोरात्र दुखण्याशी झुंजतंय. त्याच्यात मुळात ती सवय तितकी असते का, हे आधी पाहायला हवं होतं. शेपटी खोटं बोलली नाही. तिला प्रश्नच दुसरा विचारला होता.

शेपटीच्या स्वतःच्या खोड्या पुढे उघड होत गेल्या. नॉर्वेच्या ट्योल्सेन आणि होले यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस दाखवलं की शेपटीचं तापमान थोडं वाढलं तरी झटका लवकर येतो. उंदीर अंगातली उष्णता बाहेर टाकायला शेपटीच वापरतो, आणि बरीच औषधं तिच्यातल्या रक्तप्रवाहात फेरफार करतात. मग काही निबंधांतलं ‘वेदनाशमन’ म्हणजे थंड पडलेली शेपटी नव्हे कशावरून? २००२ साली चेस्लर आणि जेफ्री मोगिल यांनी आठ हजारांहून जास्त उंदरांच्या, गरम पाण्यातून शेपटी काढण्याच्या नोंदी संगणकावर चाळल्या. वंश, लिंग, ऋतू, दमटपणा, पिंजऱ्यातली गर्दी, दिवसाची वेळ, सगळ्याचा परिणाम होता. पण सगळ्यात जास्त फरक पडत होता तो चाचणी कोण घेतंय याने, उंदराच्या वंशापेक्षाही जास्त. २०१४ साली मोगिल यांच्याच गटाने आणखी एक पान जोडलं: प्रयोग करणारा पुरुष असेल तर त्याच्या वासाने उंदरावर ताण येतो आणि त्याला कमी दुखतं. पुरुषाने घातलेला टी-शर्ट जवळ ठेवला तरी पुरे. १९४१ पासूनच्या निबंधांत चाचणी घेणाऱ्याचा वास अर्थातच कुणी नोंदवलेला नाही.

शेपटीला बाजूला सारून आलेलं एक मिश्रण मात्र आपल्या सगळ्यांच्या औषधांच्या डब्यात आहे. पॅरासिटामॉल शेपटीच्या चाचणीत जवळजवळ काहीच करत नाही. त्यामुळे रॉबर्ट राफा आणि टॅलारिडा यांनी १९९६ साली ट्रॅमाडॉल आणि पॅरासिटामॉल यांची जोडी तपासली ती पोटात अ‍ॅसिटिलकोलीन टोचल्यावर उंदीर किती वेळा पोट आवळतो हे मोजून. ल्यूव्हेच्या रेषेखाली बिंदू पडले आणि २००१ साली अमेरिकेत ३७.५ आणि ३२५ मिलिग्रॅमची ती गोळी आली. महाराष्ट्रातल्या कोणत्याही हाडांच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ती अल्ट्रासेट या नावाने दिसते. २०१८ साली ट्रॅमाडॉल अमली पदार्थ कायद्याखाली आलं. या जोडीत आपल्या कंपन्यांनी आणखी दोन पाहुणे बसवले, कॅफीन आणि टॉरीन. चारही औषधांच्या त्या गोळीला कोणत्या उंदराने, कोणत्या चाचणीत, कोणत्या रेषेखाली पास केलं होतं, हे विचारायची वेळ सरकारवर ऑगस्ट २०२४ मध्ये आली, आणि १५६ मिश्रणांच्या बंदीच्या यादीत ती गेली.